नेटबुकच्या पोटातला पोटभाडेकरू

काकांनी नवा लॅपटॉप घेतला आणि जुना नेटबुक मला दिला. देताना अशा थाटात दिला, की जणू शेतच नावावर करत होते. वहीपेक्षा थोडा मोठा, पांढरा, झाकणावर त्यांच्या नातवाने चिकटवलेला अर्धा सोललेला स्टिकर. "कॉम्प्युटर तो कॉम्प्युटर, लहान काय नि मोठा काय!" काका म्हणाले. इंदिरानगरमधल्या आमच्या घरात काका बोलले की विषय संपतो. मी तर तशीही बोलत नाही.

नाशिक रोडच्या क्लासमध्ये आम्हाला व्हर्च्युअलायझेशन शिकवत होते. म्हणजे एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवायचा. सरांनी ते स्लाइडवर दाखवलं. प्रत्यक्षात चालवताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. दसऱ्यानंतर प्रत्येकाने आपापल्या मशीनवर करून दाखवायचं होतं. ज्यांना जमेल, त्यांना पुण्याच्या कंपनीत मुलाखतीला पाठवणार होते. मला पुण्याला जायचं होतं. कारणं बरीच होती, पण ती कुणाला सांगितली नव्हती.

नेटबुकची लायकी वन रूम किचनची आणि मी त्यात पोटभाडेकरू ठेवायला निघाले होते. सॉफ्टवेअर चढलं, पण स्क्रीन इतकी बुटकी, की सेटिंग्जच्या खिडकीतलं 'ओके' बटण तळाखाली बुडालेलं. न दिसणाऱ्या बटणापर्यंत टॅब दाबत जायचं आणि एंटर मारायचं. आतल्या कॉम्प्युटरला अर्धी मेमरी दिली तर दोघंही उपाशी. बाहेरचा बाणसुद्धा हलेना. आईची पोळ्यांची कणीक मळून, लाटून, भाजून झाली, तरी माझ्या स्क्रीनवरचं चक्र फिरतच होतं.

शेवटी मी चित्रं, रंग, खिडक्या सगळं टाकून दिलं. नुसत्या काळ्या पडद्यावर अक्षरं लिहिणारी छोटी लिनक्स सिस्टिम घेतली. ती मुकाट्याने चालली. एकात एक, दोन कॉम्प्युटर, आणि दोघंही माझं ऐकत होते. घरात असं पहिल्यांदाच घडत होतं.

मग दसरा आला. आमच्याकडे चालणाऱ्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. पाटावर मिक्सर, कात्री, स्कूटरची किल्ली, त्यांच्याशेजारी माझा नेटबुक. काकांनी हळदीकुंकू लावलं, झेंडू ठेवला आणि मूठभर अक्षता उधळल्या. अक्षता अख्ख्या तांदळाच्या हव्यात, एवढं तर मलाही माहीत आहे. काकांनी तुकडा तांदूळ घेतला होता.

"काका, त्याला बाजूला फटी आहेत," मी म्हटलं.

"देवाचं आहे, काही होत नाही. इंग्लिश मीडियमवाल्यांना सगळ्यात किडेच दिसतात."

संध्याकाळी नेटबुकचा पंखा कर्रकर्र करू लागला. मला वाटलं, बिचारा दमलाय.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सगळ्यांच्या रुंद स्क्रीनवर एकसारखं निळं डोंगराचं चित्र होतं. एकाने तयार केलेली फाइल सगळ्यांनी पेनड्राइव्हवरून उतरवून घेतली होती. सर प्रत्येकाला "छान, छान" म्हणत माझ्यापाशी आले.

"हे काय? हँग झालंय."

"हँग नाही सर. सुरू होतंय."

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकल्या. सरांनी माझा माउस हलवून पाहिला.

"माउस का चालत नाही?"

"यात माउस नाहीये, सर."

"मग व्हर्च्युअल काय आहे यात?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात नेटबुक तापून धाडकन बंद पडला.

"मोठा लॅपटॉप आण. नाहीतर पुढच्या बॅचला बघू," म्हणत सर वळले.

मोठा लॅपटॉप कुठून आणणार? मी उठले नाही. नेटबुक पालथा घातला. केसातली पिन काढून फटीत घातली. कुंकवाने लाल झालेली तांदळाची कणी निघाली. मग आणखी एक.

तांदूळ पाहून मागचे पुन्हा हसले. ते ऐकून सर परत आले. "हे काय?"

"अक्षता. काल पूजा केली होती."

सरांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी ती कणी माझ्या तळव्यावरून उचलली आणि चक्क कपाळाला लावली. "बघा," ते वर्गाला म्हणाले, "आजकालच्या मुलींमध्ये हे राहिलंय का? घरचे संस्कार दिसतात. कंपनीला अशीच मुलं हवी असतात. तू जा गं पुण्याला."

ते बोलत होते तोवर मी नेटबुक सुलटा करून दोन्ही कॉम्प्युटर पुन्हा सुरू केले होते. काळ्या पडद्यावर आतला कॉम्प्युटर माझं नाव विचारत थांबला होता. सरांनी तिकडे पाहिलंही नाही.

त्यांना थांबवून सांगता आलं असतं, की जी कणी कपाळाला लावलीत तिनेच मशीन बंद पाडलं होतं. मी पिन परत केसात खोचली आणि मुलाखत किती वाजता आहे ते विचारलं.