म्हसोबाखालची माती

मागच्या महिन्यात एका सकाळी खिडकी उघडली आणि तो वास थेट नाकात शिरला. उग्र, किंचित गोडसर, घशात जाऊन बसणारा. फवारणीच्या औषधाचा. समोर कित्येक वर्षं बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात जेसीबी लागला होता आणि उपसलेल्या ओल्या मातीतून तो वास गल्लीभर पसरला होता. बाकीच्यांना वाटलं, गटार फुटलं असेल. मला मात्र माझे चुलते, आबा, आठवले आणि हातातला चहा तसाच निवून गेला.

आबा या जिनिंगचे राखणदार. शाळा सुटली की मी दप्तरासकट तिथे पळायची आणि सरकीच्या ढिगावर यथेच्छ लोळायची. हंगामात नेकनूरकडून कापसाच्या गाड्या यायच्या, रुईचे तंतू हवेत तरंगत राहायचे आणि संध्याकाळपर्यंत आबांच्या मिशा पांढऱ्या झालेल्या असायच्या. पाठीमागे पत्र्याचं एक गोदाम होतं, त्यात औषधाची पोती आणि डबे. तिकडे फिरकलं की आबा पाठीत धपाटा घालत. मी कॉलेजात असताना जिनिंग बंद पडलं. जाताना मालक एवढंच म्हणाला, गोदाम मोकळं करा. फुटलेली, गळकी पोती आबांनी मागच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरली. दुसरं काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात सगळ्या आवारात गाजरगवत माजलं, त्या कोपऱ्यात काडी उगवली नाही. आबा हादरले. चार दिवसांनी पाहते तर तिथे एक धोंडा, शेंदूर-तेल चोपडलेला. मी हसले. "धोक्याचा बोर्ड लावला तर लोक पत्रा भंगारात इकत्याल," आबा म्हणाले. "देवाला कोन हात लावतंय? पर बोलू नगं कुनाला."

नाही बोलले. धोंड्याचा म्हसोबा झाला. निवद यायला लागले, नारळ फुटायला लागले, कुणाची तरी म्हैस बरी झाली. आबा स्वतःसुद्धा जाता-येता हात जोडायचे; भीतीने की भक्तीने, कोण जाणे! ते गेले आणि ही गोष्ट जाणणारी मी एकटी उरले.

आता तिथे बाग होणार म्हटल्यावर गल्लीत आनंदीआनंद. मलाही बरंच वाटलं होतं. इतकी वर्षं कुत्री, दारुडे आणि कचरा यांचंच राज्य होतं ना! कामावरच्या तरुण इंजिनिअरने मला मोठ्या कौतुकाने नकाशा दाखवला. "देवाला धक्का लागणार नाही, मावशी. देवाच्या शेजारीच बोअर घेतोय. पाणपोई करणार. लेकरं खेळून दमली की तिथलंच पाणी पितील."

नकाशा त्याच्या हातात परत देऊन मी तडक घरी आले.

दोन दिवस मी घरात येरझारा घातल्या. सांगावं, तर आबा लबाड ठरतात; ज्यांनी जन्मभर तिथे डोकं टेकलं त्या बायकांना काय तोंड दाखवू? आणि न सांगावं, तर? तिसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली, तशी मी घरातल्याच साडीवर धावले, गाडीपुढे उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. माणसं जमली. कुणी म्हणालं, बाई भ्रमिष्ट झाली. शेजारची म्हातारी तेवढी जवळ आली.

"कावून सांगितलं न्हाईस गं इतकी वर्सं?" ती म्हणाली. "नातू तापला की मी हितलीच माती लावायचे त्याच्या कपाळाला."

नातू ठणठणीत आहे, पुण्यात नोकरी करतो. पण तिचा तो प्रश्न मनातून जात नाही. धोंडा राखण करतोय या भरवशावर मी निर्धास्त राहिले, आणि धोंड्यापायीच माणसं तिथे येत होती. एवढी शिकलेली मी, मला हे कळू नये?

बोअर थांबला. धोंडा नारळ फोडून भिंतीकडे हलवला. खणल्यावर पोत्यांच्या चिंध्या निघाल्या, गंजके डबे निघाले, मग सगळ्यांची तोंडं बंद झाली. दुपारी माती टिपरात भरली. मी सहज ड्रायव्हरला विचारलं, कुठं टाकणार?

"टाकायची कशाला? पाली गावच्या एका शेतकऱ्यानं मागितलीय. जुन्या जागंची माती, पिकाला लई चांगली म्हने."

खोटं नव्हतं त्याचं. पडक्या गावठाणाची पांढरी माती आपल्याकडे शेतकरी ट्रॅक्टर लावून नेतात, शेतात पसरतात. मिरचीला तर ती फारच मानवते. पण ही माती? मी टिपरापुढे मांडी घालून बसले. या वयात! शेवटी टिपर रिकामा झाला.

माती अजून आवारातच आहे, ताडपत्रीखाली. तपासणी व्हायची आहे, बाग रखडली आहे आणि अर्धी गल्ली माझ्यावर खार खाऊन आहे. खाऊ देत! काळ सगळं जिरवतो म्हणतात. कुठलं काय? तो फक्त ठाऊक असलेली माणसं एकेक करून कमी करतो. म्हणून हल्ली मी भेटेल त्याला धरून सांगत सुटले आहे. भाजीवालीला, पोस्टमनला, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना. पोरं कंटाळतात, पळतात. मी पुन्हा गाठते, पुन्हा सांगते.