एलिजाकाकांचा डी ड्राइव्ह

एलिजा वाकरुळकर न्हावा शेवा बंदरातल्या कारकुनीतून निवृत्त झाले आणि पनवेलच्या ज्यू दफनभूमीत जाऊन बसू लागले. समाज बहुतेक इस्रायलला गेलेला. थडग्यांकडे बघायला कोणी उरलं नव्हतं. दगडांवरची मराठी-हिब्रू अक्षरं झिजत चालली होती. काकांनी कॅमेरा घेतला. एकेक दगड पुसायचा, खडू चोळायचा, फोटो काढायचा आणि घरच्या कॉम्प्युटरवर डी ड्राइव्हमध्ये नावासकट ठेवायचा. अशी सहा वर्षं गेली. तिकडून कोणी विचारलं, की त्यांच्या आजोबांच्या थडग्याचा फोटो जाई.

२००९च्या मे महिन्यात सी ड्राइव्ह गच्च भरला आणि मशीन रखडू लागलं. डीमधली मोकळी जागा सीला जोडून देणारं सॉफ्टवेअर काकांनी उतरवून घेतलं. आधी फोटोंची सीडी काढा, असं एलिशेबाकाकूंनी दोनदा सांगितलं. जागा झाली की निवांत काढतो, असं म्हणून काकांनी ते टाळलं.

भर दुपारी, काम साठ टक्क्यांवर आलेलं असताना लाइट गेली. जुना यूपीएस मिनिटभर किंचाळला आणि बंद पडला.

वीज आल्यावर डी ड्राइव्ह उघडेना. खारघरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातल्या शैलेशनं आठवडाभर डिस्क ठेवून घेतली. हाती आले ते अर्धे करडे, बिननावाचे फोटो.

"काका, फाइली उचलून दुसऱ्या जागी ठेवणं चाललं होतं, ते मध्येच थांबलं," तो म्हणाला. "आता कुठे काय आहे, ते मशीनलाच माहीत नाही."

घरी काकूंनी कोऱ्या सीडीचा डबा उचलून कपाटात ठेवून दिला. तेच काकांना जास्त लागलं.

ते वही घेऊन पुन्हा दफनभूमीत गेले. मधल्या काळात कुंपणाची भिंत कोसळून दगडांची एक अख्खी रांग फुटली होती. इतर कित्येक दगडांवर खडू चोळूनही नुसत्या रेघा उमटत. पूर्वी आपणच वाचलेली नावं त्यांना आठवेनात.

त्यातच इस्रायलहून नोम नावाच्या तरुणाचा मेल आला. आई अंथरुणाला खिळली आहे, तिला तिच्या आईचं थडगं एकदा बघायचं आहे. त्यानं कळवलेल्या खुणेवरून ते त्या फुटक्या रांगेतच होतं. शैलेशनं दिलेल्यांतला, अक्षरं न दिसणारा एखादा फोटो पाठवून द्यावा, असं काकांच्या मनात आलं. त्यांनी काकूंना तसं सांगितलं.

"ती बाई तो बघून रडेल," काकू म्हणाल्या. "दुसऱ्याच कोणाच्या तरी दगडासाठी."

काकांनी खरं काय ते लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही.

पुढची दोन वर्षं ते वहीत लिहीत राहिले. दोनशे चौदा थडग्यांपैकी एकशे एकतीस नावं लागली. बाकीच्यांपुढे रांग आणि क्रमांक, एवढंच.