शेवटच्याची वेळ

मालोजी हवालदार प्रेमळ होता असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर खुशाल समजा की सांगणारा कोंडाणे गावचा नाही. फौजेतून घरी येऊन आठ वर्षं झाली होती, पण गावात कुणी त्याला हसताना पाहिलं असेल तर शपथ. सकाळी सहाच्या ठोक्याला तो गावाबाहेरच्या माळावर शिट्टी घेऊन उभा राही आणि भरतीच्या तयारीला आलेली सोळा पोरं मुकाट्याने रांगेत लागत. बदल्यात दमडी घेत नसे, त्यामुळे आईबापांना तोंड उघडायची सोय नव्हती.

त्याचा नियम एकच. शेवटच्याची वेळ ती सगळ्यांची वेळ. पंधरा जण वेळेत पोचले आणि सोळावा मागे राहिला, की सोळाही जणांनी पुन्हा गावामागच्या लेण्यांच्या चढापर्यंत पळून यायचं. कुणी ओकलं तर ओकून झाल्यावर पळायचं. "फौजेत एकटा मानूस मरतो रं," तो म्हणे. "संगट पळाल तर जगाल."

आणि शेवटचा रोज एकच, शेजारच्या कुंभिवलीचा पोपट. गोदामात रात्रपाळी करून बिचारा थेट माळावर यायचा, तिसऱ्या फेरीलाच त्याचा दम तुटे. त्याच्यापायी बाकीच्यांच्या पायांचे तुकडे पडत. पहिल्या दोन महिन्यांत पोरांनी त्याचे काय हाल केले ते विचारू नका. त्याच्या बुटांत चिखल भरला, प्यायचं पाणी ओतून दिलं, एकदा चौघांनी झाडीत नेऊन बदडलासुद्धा. मालोजीने ते डोळ्यांनी पाहिलं आणि पाठ फिरवली. त्याला स्वतःला फौजेत असंच कुटून काढलं होतं, आणि त्याच कुटण्यातून जिवाला जीव देणारे मित्र मिळाले होते. मग इथे वेगळं काय होणार, असा त्याचा हिशोब.

शेवटी जितेशने मनावर घेतलं. जितेश मालोजीचा मुलगा आणि सगळ्यांत वेगवान. तो पोपटच्या डाव्या अंगाला पळू लागला, दम तुटला की दंडाला धरून ओढू लागला. मग उजव्या अंगाला दुसरा कुणी आला. चार महिन्यांत असं झालं की एकाच्या घरी लग्न असलं की सोळाही जण पंगतीत वाढायला. पोपटची आई दवाखान्यात होती तेव्हा याच मारकुट्यांनी आळीपाळीने डबे पोचवले. आणि पोपट? तो सगळ्यांबरोबर वेळेत यायला लागला. मालोजीची छाती फुगली. आपण माणसं घडवली असं त्याला वाटलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

पण जितेशला एकविसावं संपत आलं होतं. गेल्या वर्षीची भरती काविळीत गेली, आता ही हुकली की वय गेलं, दार कायमचं बंद. त्याची आई जयवंता नवऱ्याला म्हणाली, "त्याच्या गळ्यात कुनाचं लोढणं बांधू नका. येकदा त्याला येकट्याला पळू द्या."

"माझा पोरगा म्हनून येगळा नियम नाय," मालोजी म्हणाला आणि ताटावरून उठला.

भरतीच्या मैदानावर सोळाही जण एकाच गटात आले. मालोजी कुंपणाबाहेर घड्याळ घेऊन उभा. शेवटच्या फेरीत जितेश पहिल्या दहांत होता. मागे कुणाचं तरी कोपर लागलं आणि पोपट तोंडावर आपटला. गावच्या चौदा जणांनी वळून पाहिलं, पण एकाचाही पाय थांबला नाही. जितेश मात्र थांबला. तो उलटा गेला, पोपटला उभं केलं आणि दंडाला धरून ओढू लागला.

मालोजी कुंपणाला भिडला आणि उभ्या जन्मात ओरडला नसेल असा ओरडला, "सोड त्याला! जितेश, सोड!"

जितेशने एकदा बापाकडे पाहिलं आणि पोपटला आणखी घट्ट धरलं. रेषेपाशी त्याने सगळा जोर लावून त्याला पुढे ढकललं. पोपट पार झाला. वेळ संपल्याचा दोर शिपायांनी ताणला तो जितेशच्या छातीसमोर.

निकाल लागल्यावर पोपट पेढे घेऊन आला आणि मालोजीच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागला. जितेशने पेढा घेतला, खाल्ला. मग बापाला म्हणाला, "बाबा, तुमी 'सोड' म्हनालात ते मला ऐकू आलं व्हतं."

जितेशने हात पुसले.

"मला वाटलं, परीक्षा घेताय. रोज घ्यायचात तशी."

खोटं बोलायला एवढी जागा होती. हो म्हटलं असतं तर पोराला निदान आपण जिंकलो असं वाटलं असतं. पण मालोजीला खोटं कधी जमलं नव्हतं, आणि नेमकं त्या दिवशीही जमलं नाही.

"नाय रं," तो म्हणाला. "मी खरंच सोड म्हनत व्हतो."

पोपट त्याच्या पायांवरून हळूच उठला आणि दोन पावलं मागे सरला.

"म्हंजे तुमचा नियम खरा माननारा मी येकटाच," जितेश म्हणाला आणि आत निघून गेला. जयवंता दारात उभी होती, तिने त्याला वाट दिली. पोपट पेढ्यांचा डबा धरून तसाच उभा राहिला. त्याला बस म्हणावं असं कुणालाच वाटलं नाही.