लेन्सच्या कपाळावर कुंकू

आमच्या आत्तीला मरणाची भीती वाटत नाही, आधार कार्डावरच्या फोटोची वाटते.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. बोरगावजवळच्या खेड्यात राहते. तिच्या घरात बाहेरच्या सोप्याच्या भिंतीला गेलेल्या माणसांचे फोटो ओळीनं लावलेत. सासरा, सासू, आणि शेवटी थोरली जाऊ. जाऊबाई अचानक गेल्या. फोटो तर लगेच पाहिजे होता आणि हाताशी होतं ते आधार कार्ड. त्यावरचाच मोठा करून चौकटीत घातला. जाऊबाई हयातीत गोऱ्यापान, हसऱ्या. भिंतीवर मात्र पोलिसांनी आत्ताच कुठनं तरी उचलून आणल्यासारख्या दिसतात.

"माझं असलं काय करायचं न्हाय," आत्तीनं मला बजावलं. "माज्या जिवात जीव हाय तवर चांगला फोटो काढून ठेव. मागनं ही माणसं काय बी लावतील."

ही माणसं म्हणजे तिचा नवरा, आमचे मामा. ते शेजारीच बसून सुपारी कातरत होते.

"तू हायस तशीच येणार की गं फोटोत," ते म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो, शिकलेल्या माणसाकडनं काढून घ्यायचा," आत्ती म्हणाली. आमच्याकडं बायका असंच बोलतात, म्हणतो, जातो, येतो.

शिकलेलं माणूस मी. आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती, वडील हमाली करायचे, आणि मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. ज्यांच्याकडं तीन पिढ्या पदव्या आहेत त्यांनी खुशाल गप्प बसावं. आता मी बेळगावात नोकरी करते आणि हौस म्हणून फोटो काढते.

कॅमेरा माझा डिजिटल, चांगला. पण त्याची स्वतःची लेन्स परवडेना. निपाणीत एक जुना स्टुडिओ होता, तिथं आता झेरॉक्स निघतात. त्याच्या मालकाकडं काउंटरवर कागद उडू नयेत म्हणून एक जुनी लेन्स ठेवलेली असायची. लोखंडासारखी जड, हातानं फिरवायची. ती मी मागून घेतली. मध्ये एक काळं कडं बसवलं की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चढते. त्या कड्याला अडॅप्टर म्हणतात. फक्त कॅमेरा तिला ओळखत नाही. तिच्यात वायर नाही, चिप नाही, ती काही कळवतच नाही. त्यामुळं लेन्स समोर ढळढळीत बसलेली असली तरी कॅमेरा पडद्यावर लिहितो, लेन्स जोडलेली नाही. मग मेनूत जाऊन त्याला सांगावं लागतं, असू दे बाबा, तू फोटो काढ.

हे मी मामांना समजावलं. मामांनी सुपारी तोंडात टाकली.

"म्हंजी सून घरात नांदाय लागलीय, सैपाक करतीय," ते म्हणाले, "आणि सासू म्हणती घरात कोण न्हाय."

"अगदी तसंच."

"मग ही लेन्स आपल्यातलीच हाय."

मी नवरात्रात सुट्टी काढून गेले. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आत्तीनं बेळगावच्या शहापुरातली, ठेवणीतली अंजिरी साडी काढली. मी खुर्ची अंगणात ठेवली. ऊन पेरूच्या झाडातनं गाळून येत होतं. सगळं जमून आलं होतं, आत्ती सोडून.

त्याचं असं आहे, आत्तीच्या लग्नाच्या वेळी फोटोवाल्यानं तिला सांगितलेलं, बाई, श्वास रोखा, हलू नका. ते तिनं जन्माचं धरलंय. कॅमेरा दिसला की ती छाती भरून हवा घेते आणि आत कोंडते. मोबाइलच्या फोटोला ते चालून जातं, कारण मोबाइल लगेच उरकतो. माझ्या लेन्सचं तसं नाही. कडं हळूहळू फिरवायचं, डोळ्यावर नेम आणायचा, थोडं पुढं गेलं की मागं यायचं. तोवर आत्ती तांबडी होत होती.

"आत्ती, श्वास घे की."

मान हलली. म्हणजे नाही. परत फोकस गेला.

आता त्या लेन्सचं भोक पूर्ण उघडलं की दोन बोटं जाडीचाच पट्टा स्वच्छ येतो. नाक स्वच्छ आलं तर कान धूसर. आत्तीचा दम संपायचा आणि ती फुस्सकन पुढं झुकायची, तेवढ्यात पट्ट्याच्या बाहेर. त्या दिवशीच्या निम्म्या फोटोंत एक बाई फुटायच्या बेताला आलेली आहे आणि उरलेल्या निम्म्यांत ती फुटलेली आहे.

शहाण्यासारखं भोक बारीक करून बघितलं. तेव्हा आत्ती स्वच्छ आली, आणि तिच्या मागची म्हैसही तितकीच स्वच्छ आली. शेपूट वर केलेल्या अवस्थेत.

"एवढं शिकलीस," आत्ती म्हणाली, "आणि एक फोटो येईना व्हय गं तुला?"

"तू श्वास रोखू नकोस, मग येईल."

"आणि हाललो तर?"

फोकस नेमका कुठं आहे ते कळावं म्हणून माझ्या कॅमेऱ्यात एक सोय आहे. पडद्यावर जो भाग स्पष्ट असेल त्याच्या कडांना लाल ठिपके चमकतात. ते बघूनच मी कडं फिरवते. आत्ती उठून माझ्या मागं आली आणि खुर्चीत मामांना बसवलं. पडद्यावर मामांच्या मिशीवर, भुवयांवर, कानाच्या पाळीवर लाल ठिपके वळवळायला लागले.

"आगं बाई! ह्यास्नी मुंग्या लागल्यात!"

मामा ताडकन उठले आणि धोतर झाडायला लागले. किती वेळ झाडत होते! शेवटी मी पडदा दाखवला, तेव्हा कुठं थांबले. नंतरही संध्याकाळभर मधूनच मिशी चाचपत होते. आत्तीनं मात्र निर्णय दिला. "माज्या फोटुत मुंग्या नकोत." ठिपके फोटोत येत नाहीत, नुसते मला दिसतात, हे मी परोपरीनं सांगितलं. "तुला तर दिसत्यात नव्हं? मग हाईतच."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा. आत्तीनं सोप्यात पाट मांडले होते. खुरपी, विळे, कुऱ्हाड, मामांचा अडकित्ता, मिक्सर. मोटरसायकल दारातच धुऊन उभी केलेली. माझ्याकडं हात करून म्हणाली, "तुजं बी ठेव. तू बी त्यावरच पोट भरतीस."

"मी ऑफिसच्या पगारावर पोट भरते, आत्ती."

"मग तुजं ऑफिस आण हितं."

ऑफिस आणणं शक्य नव्हतं, म्हणून कॅमेरा ठेवला, झाकण लावून. आणि झेंडूची फुलं तोडायला घरामागच्या परड्यात गेले. परत येऊन बघते तर पूजा झालेली. कुऱ्हाडीला कुंकू, अडकित्त्याला कुंकू, मिक्सरच्या भांड्याला कुंकू. कॅमेऱ्याच्या झाकणाला नाही. झाकण काढून बाजूला ठेवलेलं आणि लेन्सच्या काचेवर, बरोबर मधोमध, बोटभर हळद-कुंकू. वर अक्षता.

"आत्ती! झाकण कशाला काढलंस?"

"त्वांडावर झाकण असताना कोण पूजा करतं? कपाळ कुठलं ते कळाय नगं?"

कुंकू कोरडं टिकत नाही म्हणून तिनं आधी खोबरेल तेलाचं बोट टेकवलं होतं. मी घाईत ओढणीचं टोक घेऊन पुसायला गेले आणि ते तेल, हळद, कुंकू, सगळं काचभर पसरलं. फिजिक्सच्या प्रयोगशाळेत मी भिंगं पुसलीत, कशी पुसायची मला माहीत आहे. पण ओढणीला ते माहीत नव्हतं.

"पुसू नगंस!" आत्ती ओरडली. "खंडेनवमीचं कुंकू पुसतीस? आगं, दिवस मावळू दे तरी!"

"मग फोटो कसा काढू? काच भरलीय सगळी."

"तसाच काढ! कालचीच साडी परत नेसलोय मी. उद्याला ही चुरगळणार आन् परत इस्त्री कोण करणार? तुजे मामा?"

मी वैतागून कॅमेरा उचलला. मनात म्हटलं, एक काढून दाखवू, म्हणजे तिलाच कळेल. आत्ती खुर्चीत बसली, पण तोंड काही थांबेना. कुंकू पुसल्यावर काय काय होतं ते ती मला ऐकवत होती. कुणाच्या शेजारणीनं नवीन ट्रॅक्टरचं कुंकू धुतलं आणि तो ट्रॅक्टर कसा ओढ्यात गेला वगैरे. रागानं बोलता बोलता तिला त्या ट्रॅक्टरवाल्याचं ओढ्यातलं तोंड आठवलं आणि ती हसणार, इतक्यात मी बटण दाबलं. श्वास रोखायचं ती विसरूनच गेली होती.

फोटो पडद्यावर आला. खरं सांगते, तांत्रिक दृष्टीनं तो वाया गेलेला फोटो आहे. सगळीकडं तांबूस-पिवळा धूर. उजेडाच्या कडा फुटलेल्या. सुरकुत्या, देवीचे व्रण, सगळं त्या धुरात विरघळलेलं. म्हैस नाहीशी. आणि मध्ये आत्ती, अर्धी रागावलेली, अर्धी हसायला आलेली.

आत्तीनं पडदा डोळ्याजवळ ओढला.

"ह्योच," ती म्हणाली.

"आत्ती, हा दोष आहे. काचेवर तेल आहे ना, म्हणून उजेड पांगलाय. मी काच स्वच्छ करून..."

"पांगू दे."

"पण हे बरोबर नाही."

"बरोबर आधार कार्डावर हाय की. त्ये नगं म्हणून तर तुला बलवलं."



फोटो मी बेळगावात मोठा करून घेतला आणि शहापुरात एका दुकानात चौकट करायला टाकला. दुकानदारानं फोटो बघितला, मान खाली घातली, आवाज मऊ केला. "खाली तारीख कुठली घालायची?"

"तारीख अजून ठरलेली नाही," मी म्हणाले.

त्यानंतर त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती मी विसरणार नाही. चौकट मात्र फार सुबक केली.

दिवाळीला मी ती घेऊन गेले. आत्तीनं खिळा आधीच मारून ठेवलेला. जाऊबाईंच्या शेजारी.

"जितं माणूस भिताडावर?" मामांचा आवाज चढला. "शोभतंय व्हय तुला? कपाटात ठेव!"

"जागा धरलोय," आत्ती म्हणाली. "बसमदी सीटवर रुमाल टाकत्यात न्हाय का, तसं. मागनं कोण तरी मला माळ्यावर टाकंल."

दिवाळीचे हार झाले तेव्हा ओळीतल्या सगळ्यांना झेंडूचा हार पडला. आत्तीनं स्वतःच्या फोटोलाही घातला. ओळीत तेवढाच मोकळा बरा दिसत नाही म्हणाली. मामा त्या दिवशी भिंतीकडं पाठ करून जेवले.

भाऊबीज झाल्यावर एक पाहुणा आला. आत्ती आणि मामांबरोबर पूर्वी वखारीत कामाला होता, पुढं कणकुंबीकडं लेकीच्या घरी जाऊन राहिला. तिथं जंगलात फोनला रेंज नाही, त्यामुळं इकडचं त्याला काही ठाऊक नसायचं. मामा रानात गेलते. आत्ती आत भाकरी थापत होती. मी त्याला खुर्ची दिली आणि पाणी आणायला वळले. तांब्या घेऊन येते तर पाहुणा टोपी हातात घेऊन भिंतीसमोर उभा, डोळे भरलेले.

"वैनी गेल्या व्हय गं?" तो म्हणाला. "मला कोण कळवलं बी न्हाय."

मी तोंड उघडलं. पण स्वयंपाकघराच्या दारात आत्ती उभी होती, पीठभरलं बोट ओठावर ठेवून. नुसती मान हलवत होती. गप्प बस.

मी गप्प बसले. वडीलधाऱ्यांचं ऐकायचं असतं.

"काय बाई होती!" पाहुणा फोटोकडं बघून बोलायला लागला. "माजी आय आजारी असताना रोज डबा द्यायची. एक दिस चुकली न्हाय." दारातली आत्ती मान डोलावत होती. "वखारीत मुकादमाला उलट बोलणारी हीच एक. वाघीण!" आत्तीनं पदर सारखा केला. "आन् काय हे रूप! फोटुत तर लक्षुमी दिसतीय." आत्तीच्या डोळ्यांत पाणी. तिनं ते पिठाच्या हातानंच पुसलं, गालावर पांढरा पट्टा उठला.

पाहुण्यानं सुस्कारा सोडला.

"भाकरी तेवढी जाड करायची. चालायचंच. देव एकाला समदं देत न्हाय."

"जाड?"

दारात आत्ती, उलथनं हातात, गालाला पीठ, पाठीमागं चुलीचा धूर. पाहुण्यानं एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा दाराकडं, आणि तो मटकन खुर्चीत बसला. माझ्या हातातला तांब्या त्यानं ओढून घेतला आणि निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं.

"कुणाची भाकरी जाड, भावजी?"

"तुमची न्हवं, वैनी," पाहुणा म्हणाला. "त्या गेल्या, त्यांची."

त्याला आत्तीनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. त्या दिवशीची भाकरी इतकी पातळ होती की ताटात पडताच दुमडायची. पाहुणा दर घासाला, "पातळ हाय बरं का वैनी," म्हणत होता आणि आत्ती त्याच्या ताटात आणखी एक टाकत होती. मामा रानातनं आले, त्यांना सगळं कळलं. ते एवढे हसले की फोटो भिंतीवरनं उतरवायचं त्यांनी पुन्हा नावच काढलं नाही.

फोटो अजून तिथंच आहे. हारही बदलला जातो. मी सुट्टीला गेले असताना दारात कुणाची चप्पल वाजली की आत्ती हातातलं काम टाकून आत पळते आणि मला ढकलत सांगते, "तू बस भाईर. आन् लगेच सांगू नगंस."