गाडीखालून आलेला शब्द

आमच्या जीपला दोन मालक आहेत. एक मी, साताऱ्याचा. दुसरा माझा मित्र, सांगलीचा. आम्ही दोघे एकाच शाळेत शिकवत होतो, मी गणित आणि तो कार्यानुभव. लष्कराच्या लिलावातून हातोहात फिरत आलेली ही जुनी जीप आम्ही निम्मी-निम्मी वर्गणी काढून घेतली, तेव्हा तिच्या बॉनेटखाली चिमण्यांचे घरटे होते. निवृत्तीनंतर तो सांगलीजवळच्या आपल्या मळ्यात राहायला गेला आणि जीपच्या वर्षाची वाटणी झाली. दिवाळी ते अक्षय तृतीया ती माझ्याकडे, उरलेले दिवस त्याच्याकडे. हस्तांतर कराडला, हायवेलगतच्या एका कडुनिंबाखाली.

या हस्तांतराची एक रीत होती. ती समजावून दिल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

साध्या गाडीत इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळते. आमच्या जीपमध्ये गिअरशेजारी आणखी एक आखूड लिव्हर आहे. तो ओढला की पुढची चाकेही कामाला लागतात. ही ताकद गाडीच्या पोटाखालच्या एका लांब दांड्यातून, म्हणजे प्रोपेलर शाफ्टमधून, पुढे जाते आणि तिथून दोन आडव्या अ‍ॅक्सलांमार्फत चाकांपर्यंत पोहोचते. अ‍ॅक्सल लोखंडी नळीच्या आत असतात, बाहेरून दिसत नाहीत. ते शाबूत आहेत का, हे पाहण्याची युक्ती सोपी आहे. पुढचे एक चाक जॅकवर उचलायचे आणि हाताने फिरवायचे. आत सगळे जागच्या जागी असेल तर चाकाबरोबर खालचा शाफ्टही फिरतो. एकाने चाक फिरवायचे, दुसऱ्याने ताडपत्रीवर उताणे झोपून शाफ्टकडे पाहायचे आणि तो हलला की ओरडायचे, "फिरला!" मग दुसऱ्या बाजूचे चाक. खाली झोपण्याची पाळी आलटून पालटून येई.

बाकी जीपमध्ये आम्ही बदल पुष्कळ केले. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवले, त्यासाठी रेडिएटर पुढे सरकवला. दिव्यांची वायरिंग नव्याने ओढली. टप सांगलीत जाड कॅनव्हासचा शिवून घेतला. परंतु चार चाकांच्या ओढीला हात लावायचा नाही, हे दोघांनी मिळून ठरवले होते. तेवढे तिचे मूळचे होते.

गेल्या दिवाळीला खाली झोपण्याची पाळी माझी होती. मी ताडपत्री पसरली, तोच त्याने मला दंडाला धरून उठवले.

"तुझी कंबर कुठं आता गाडीखाली घालतोस? सर बाजूला. मी जातो."

"पाळी माझी आहे."

"शाळा सुटली रं गड्या! आता कसली पाळी?"

त्याच्या आपुलकीने मला बरे वाटले, हे लिहून ठेवतो. मी चाक फिरवले. ते नेहमीपेक्षा हलके लागले. मी तसे म्हणालो.

"नवं ग्रीस भरलंय," तो खालून म्हणाला. मग नेहमीच्या खणखणीत आवाजात ओरडला, "फिरला!"

दुसऱ्या बाजूलाही तसेच. "फिरला!" आम्ही चहा घेतला आणि तो एसटीने सांगलीला गेला.

थंडीत त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्याच्या मुलाने स्वतः बांधलेली जीप कोल्हापूरकडच्या चिखलाच्या शर्यतीत एक उभा चढ चढत होती. चारही चाके चिखल उधळत होती. मी आणि माझी पत्नी तो पुन्हा पुन्हा पाहत बसलो. मी तो नातेवाइकांनाही पाठवला, खाली लिहिले, 'माझ्या मित्राचा चिरंजीव.'

चैत्रात पत्नीला घेऊन मी तिच्या माहेरी, माण तालुक्याकडे निघालो. वाटेत एक वाळूचा ओढा उतरावा लागतो. वर कुठे तरी वळीव कोसळला असावा. पाणी नुकतेच गढूळ होऊ लागले होते. मागची चाके वाळूत रुतली. मी शांतपणे लिव्हर ओढला. याच प्रसंगासाठी तो लिव्हर असतो. गाडी जागची हलली नाही, उलट मागून आणखी खाली बसली.

पत्नी पदर खोचून पाण्यात उतरली आणि पुढे जाऊन उभी राहिली.

"अहो, पुढची चाकं फिरत नाहीयेत."

"फिरत असतील. नीट पाहा."

"डोळे आहेत मला. अजिबात हलत नाहीयेत!"

पाणी तिच्या पोटऱ्यांना लागले होते. पलीकडच्या काठावर मेंढरे थांबवून दोन धनगर आमची गंमत पाहत होते. त्यांनी दोर आणला, आणखी चौघांना हाका मारल्या आणि सगळ्यांनी मिळून जीप बाहेर खेचली. गाडी काठाला लागताच त्यांतला म्हातारा कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "आवं गुरुजी, चारी चाकांची गाडी म्हनं ही! आन् वढायची आमी?"

सगळे हसले. मीही हसलो. पत्नी मात्र पाण्याकडे पाहत होती. आमची जीप जिथे रुतली होती तिथे आता वाळू दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्याच्या अंगणात मी पुढचे चाक जॅकवर घेतले, पत्नीला ते फिरवायला सांगितले आणि खाली झोपलो. चाक भिरभिरत होते. माझ्या तोंडावरचा शाफ्ट निश्चल होता.

"फिरतोय का हो?" तिने विचारले.

मला कडुनिंबाखालून आलेला तो खणखणीत आवाज ऐकू आला. तोही असाच उताणा झोपला असणार. हाच न हलणारा शाफ्ट त्याच्या डोळ्यांसमोर असणार. त्याकडे पाहत तो दोनदा ओरडला होता.

पत्नीला माहेरीच ठेवून मी जीपने थेट सांगली गाठली. तो उसाच्या बांधावर उभा होता. मला पाहून हसत पुढे आला आणि माझा चेहरा पाहून थांबला.

"अ‍ॅक्सल कुठे आहेत?"

त्याने टाचेने एक ढेकूळ फोडले. "पोराचे तुटले, शर्यतीच्या तोंडावर. या मापाचे कुठं मिळंनात. म्हटलं, नंतर बसवू."

"मला सांगायचे होतेस."

"तू दिले नसतेस. तुझं ते, मूळचं, मूळचं!" मग तो चिडला. "आणि लिव्हर ओढतोस कवा तू? वर्षात एकदा तरी? सातारा-कास, सातारा-कास! डांबरावर कशाला पाहिजे फोर व्हील?"

"ओढ्यात ती पुढे उभी होती," मी म्हणालो. "पाण्यात."

त्याला कोण ते सांगावे लागले नाही. तो खाली बसला.

वहिनी हाक मारत आल्या. त्यांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवतात आणि इतकी वर्षे त्या वेळी मी तिथे असलो तर माझेही ताट मांडले जाई. "भावजी, हात धुवा. दिवस बुडायला आला." मी भूक नाही म्हणालो. वहिनींनी आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहिले.

तो जेवला नाही. गोठ्यामागे मुलाची जीप उभी होती; तिची पुढची चाके त्याने स्वतः काढली, दोन्ही अ‍ॅक्सल बाहेर ओढले, घासलेटने धुतले आणि अंगणातल्या दिव्याखाली आमच्या जीपमध्ये बसवले. मी पाने देत होतो. "सोळा", "एकोणीस", इतकेच बोलणे झाले. त्याचा हात अजून सुरेख चालतो. मुलगा दाराशी येऊन काहीतरी म्हणू लागला, तर त्याने मान वर न करता त्याला आत पाठवले.

शेवटी त्याने जॅक लावला आणि सवयीने ताडपत्री पसरून गुडघे टेकले.

"तू चाक फिरव," मी म्हणालो. "खाली मी जातो."

"कंबर..."

"फिरव."

मी कण्हत आत सरकलो. चाक जड चालत होते. तो जोर लावतोय हे ऐकू येत होते. माझ्या नाकासमोर शाफ्ट फिरू लागला. त्यावरचा ग्रीसचा ठिपका वर गेला, पलीकडे दडला, पुन्हा अलीकडे आला.

"फिरला न्हवं?" त्याने विचारले.

मी हात वर करून शाफ्टवर ठेवला. तो तळव्याखाली फिरत होता.

"अरे, बोल की. फिरला का न्हाई?"

"पुन्हा एकदा फिरव," मी म्हणालो.