मुर्दाबादमामांची फिरती खुर्ची

सगळी गिरणी त्यांना मुर्दाबादमामा म्हणायची. बायको तोंडावर ‘अहो’ म्हणायची, पण पाठीमागे तीही मुर्दाबादमामाच. उभा जन्म त्यांनी रंगखात्यात कापड बुडवलं आणि फाटकावर घोषणा दिल्या. आवाज असा, की मालकानं म्हणे कचेरीच्या खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या.

पुढे मालकानंच हात वर केले. आजारी गिरणी सरकारनं ताब्यात घेतली आणि नियम केला, संचालक मंडळावर एक कामगार हवाच. युनियननं मामांना धाडलं. एवढी वर्षं ओरडले, आता जरा बसू देत.

मामा बसले, आणि काय बसले! गादीची फिरती खुर्ची, पुढ्यात बशीभर काजू. घरी जेवतानाही ते स्टुलावर गोल फिरू बघतात, अशी वदंता उठली. उठवली अर्थात बायकोनंच. हळूहळू मामा ‘आम्ही’ म्हणत तेव्हा त्यात नेमकं कोण कोण येतं, हेच लोकांना कळेना.

मग एका बैठकीत सरकारी साहेबांनी गोड हसत ठराव पुढे सरकवला: रंगखातं बंद. मामांनी सही केली, की कामगारांचीही संमती आहे असं सरकारला सांगता येणार होतं. नाही केली, तर खुर्ची जाणार, हेही साहेबांनी तितक्याच गोडीनं सुचवलं. रंगखात्यात मामांचा सख्खा मेहुणा होता, आणि ज्यांच्या डब्यातलं मामांनी वर्षानुवर्षं हक्कानं खाल्लं ती सगळी मंडळी होती. मामांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मध्ये एक काजू खाल्ला.

तेवढ्यात फाटकावर गलका उठला. बातमी फुटली होती. ‘कामगार डायरेक्टर’ असं खुद्द मेहुणा ओरडत होता आणि जमाव ‘मुर्दाबाद’ म्हणत होता. पण मेहुणा मुलखाचा बेताल. भलत्याच ठिकाणी श्वास घ्यायचा, मग अर्धे लोक आधी ओरडायचे, अर्धे मागाहून. मामांच्या कपाळावरची शीर उडू लागली. शिव्या त्यांनी गिळल्या असत्या, पण असली घोषणा? ते ताडकन उठले, दुहेरी काच सरकवली आणि मूठ उगारून गरजले,

“कामगार डायरेक्टर!”

“मुर्दाबाद!” अख्खं फाटक एका तोंडानं उत्तरलं.

कित्येक महिन्यांनी गळा मोकळा झाला होता. स्वतःच्या नावानं शंख करत मामा जिना कधी उतरले आणि फाटकावर कधी पोचले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. वर ठराव तसाच पडला, पेनही उघडंच. सहीवाचून खात्याला टाळं ठोकायची सरकारची छाती झाली नाही. खुर्ची मात्र लवकरच दुसऱ्या कुणाच्या बुडाखाली गेली.

मामांनी तत्त्वासाठी खुर्चीवर लाथ मारली, असं मेहुणा अजून चारचौघांत सांगतो. मामा गंभीरपणे मान हलवतात. एकदा बायकोनं एकटं गाठून विचारलं, “खरंच हो तत्त्वासाठी?”

“तुझ्या भावाला ताल नाही,” मामा म्हणाले.

“आणि खुर्चीची आठवण?”

मामांनी जरा विचार केला. “काजूंची येते.”