‘येतो’ म्हणणारी शिपाई

माझ्या प्रबंधातलं सगळ्यात वाखाणलं गेलेलं प्रकरण खोटं आहे, आणि लिहितानाच ते मला ठाऊक होतं. हे आजवर मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

विषय होता सैन्यातल्या स्त्रिया आणि तिथली पुरुषी संस्कृती. दिग्रसजवळच्या खेड्यातली एक मुलगी लष्करी पोलिसात शिपाई झाली होती. ती सुटीवर आली तेव्हा तिच्या घरी बसून मी मुलाखत रेकॉर्ड केली.

“सर, मी अंधारातच उठतो, पळतो, रायफल पुसतो. पयल्या दिवशी मात्र लय रडली मी.”

आतून तिची आई म्हणाली, “सरले चहा देतो मी. साखर चालते ना?”

आमच्याकडे बाया अशाच बोलतात. जातो, येतो, देतो. माझी आईसुद्धा. पण पुण्याचे मार्गदर्शक टिपण वाचून खूश झाले. “स्वतःविषयी पुल्लिंगात बोलते आहे! बराकीनं तिची भाषाच बदलली.” माझ्या बोलण्याला तिथे आधीच हसायचे. घरी आईही असंच बोलते, हे सांगायची मला लाज वाटली. मी मान डोलावली. ‘रडली’ असं स्त्रीलिंगात आलेलं वाक्य गाळलं आणि अख्खं प्रकरण ‘पळतो’वर उभं केलं.

मग त्याचा लेख एका मासिकात आला. नाव नव्हतं, पण त्या भागातून लष्करी पोलिसात गेलेली ती एकटीच. पुसदला तिची सोयरीक जमत आली होती. मुलाच्या मामानं लेख वाचला आणि नकार कळवला. त्याच्या घरातल्या बायाही ‘येतो’च म्हणत असणार. पण हे छापलेलं होतं.

तिचा फोन आला. “सर, तुमी मले बाप्या बनवलं म्हणते लोक. काहून? मंग माही मायबी बाप्याच हाये का?”

“तो शास्त्रीय अर्थ आहे,” मी म्हणालो. “तुला नाही कळायचा.”

ती जराशी हसली. “बरं सर. ठेवतो मंग.”

त्या प्रकरणावर मला कॉलेजात बढती मिळाली. परिसंवादांत अजून तेच वाचायला बोलावतात, आणि मी जातो.

ती तिच्या आईची बोली बोलत होती, हे त्याच मासिकात माझ्या नावानं छापून आणणं आणि तिच्या दारात जाऊन तिची माफी मागणं, एवढं मी तिचं देणं लागतो. त्यातलं अजून काहीच केलेलं नाही.